थोरले गेले

"थोरले गेले," म्हातारे गृहस्थ म्हणाले आणि न विचारता खुर्चीत बसले.

भाऊजींनी ताबडतोब चेहरा पाडला. चित्रकलेचे मास्तर म्हणून निवृत्त झाल्यापासून चेहऱ्याचा असा उपयोग करायची संधी त्यांना क्वचितच मिळे.

"अरेरे! वय काय होतं?"

"सव्वीस."

"फारच लवकर हो." चेहरा आणखी खाली आला. "मागे कोण कोण?"

"मुलंच शंभराच्या घरात असतील."

आता चेहरा पाडायला जागा उरली नव्हती. भाऊजींनी मदतीसाठी वहिनींकडे पाहिले.

"घोडा, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "यांच्या बाहीवर गाजराची लाळ आहे. अजून ओली आहे."

खाली इस्त्रीवाला आणि वर 'खासगी तपास' अशी त्या इमारतीची विभागणी होती. पाटी भाऊजींच्या थोरल्या भावाची, डोके पहिल्या दिवसापासून वहिनींचे. भाऊ वारल्यावर फक्त पाटी पुसून घ्यावी लागली. भाऊजी मदतनीस म्हणून येऊन बसत. मदत कसली, हे दोघांनीही एकमेकांना कधी विचारले नव्हते.

"परदेशातून आणलेला अस्सल अरबी घोडा," मालक सांगू लागले. त्यांना सगळे मालकच म्हणत. "पैदाशीसाठी आणला. जहाजातून उतरले तेव्हा बंदरावरचे हमाल आपण होऊन बाजूला झाले. मी त्यांना कधी 'तो' म्हटलं नाही. स्वतःच्या बापाला मी अरेतुरे करत असे. आज बाजारात माझ्या तबेल्याचं शिंगरू आलं की लोक विचारतात, थोरल्यांचं का? जाणकार म्हणतात, नाकात वाळवंट दिसतं. बस. पुढे बोलायचं काम नाही."

"आणि गेले कसे?"

"गेल्या आठवड्यात, सकाळी गव्हाणीपाशी पडलेले सापडले. डॉक्टर म्हणतात, कण्हेरीचा पाला. बारीक चिरून काकवी लावलेल्या कोंड्यातून दिलेला. दुपारच्या आत पुरलंसुद्धा. आठवण म्हणून आयाळीची एक बट ठेवावी, तीही कुणी ठेवली नाही." ते खुर्चीत पुढे सरकले. "पोलिसांत गेलो होतो. हवालदारानं विचारलं, मयताचा राहता पत्ता काय."

"तुम्हाला काय हवंय?"

"कोणी केलं ते शोधा. का केलं ते..." मालक थांबले. "ते राहू दे."

"दोन्ही एकाच दोरीला बांधलेली असतात," वहिनी म्हणाल्या. "एक सोडलं की दुसरं मागोमाग चालत येतं."

मालकांनी बाहीकडे पाहिले, ती दुमडून घेतली आणि मान हलवली.

*

तबेल्याकडे जाणाऱ्या रस्त्याला दुतर्फा कण्हेरच होती, भरगच्च फुललेली. विष शोधायला खुन्याला चार पावलेसुद्धा वाकडी करावी लागली नसणार.

लाकडी कठड्याआड घोड्या आणि शिंगरे चरत होती. भाऊजींनी पिशवीतून वही आणि रंगीत पेन्सिली काढल्या. तपास लांबला तर हाताशी काही असावे, म्हणून ते त्या नेहमी जवळ ठेवत. तपास लांबत नसे, पण चित्रे बरीच साठली होती.

मोतद्दार वहिनींना थोरल्यांच्या रिकाम्या खणात घेऊन गेला. माणूस वाळलेला, पाय धनुष्यासारखे, बोलणे मात्र सरळ.

"कुणाच्या हातून खायचे थोरले?"

"माझ्या, मालकांच्या आणि त्यांच्या लेकीच्या, ताईंच्या. चौथ्याचा हात दिसला की तोंड फिरवायचे. पुतणेसाहेबांनी एकदा साखर धरली होती. बोटाला अजून खूण आहे."

"मग तुमच्यावरच पहिला संशय येणार."

"येऊ द्या की. माझ्यावर संशय घ्यायला नवीन माणूस नको, बायको आहे." तो हसला नाही. "पण मला एक सांगा बाई, मारणाऱ्यानं मारलं, माझा ब्रश का उकळला? हा बघा. लाकडी पाठ तडकली, केस झडले. खराराही उकळला. अंगावरची झूल जाळली. खण कढत पाण्यानं धुतला. ताई म्हणाल्या, रोगाची भीती नको. विषाचा कसला आलाय रोग?"

"ताईंनी केलं हे?"

"त्यांनीच. आणि खड्ड्यात चुना ओतायला लावला, पोत्यांनी."

बाहेर उजव्या हाताला, सकाळचे ऊन थेट येणाऱ्या खणात, एक ठेंगणा म्हातारा घोडा उभा होता. बदामी अंग, काळी आयाळ, काळे पाय आणि चेहऱ्यावर कारकुनाचे समाधान.

"हे कोण?" भाऊजींनी विचारले.

"हा चौकश्या. घोडी माजावर आली का, हे बघायला ठेवलाय. याला फळीच्या अलीकडे उभा करायचा, घोडीला पलीकडे. हा वास घेतो, आर्जवं करतो. घोडी राजी दिसली की याला हाकलायचं आणि थोरल्यांना आणायचं."

"म्हणजे आमच्याच धंद्यातला," वहिनी म्हणाल्या. "चौकशी आमची, फळ दुसऱ्याला."

"याला खण मात्र चांगला मिळालाय," भाऊजी म्हणाले.

"मालकांचा हुकूम. फार वर्षांपूर्वीचा." मोतद्दाराने एकाएकी वाकून आधीच स्वच्छ असलेली फरशी झाडायला घेतली. "थोरल्यांना सुई टोचायला परीक्षक येणार होते, त्याच्या आदल्या दिवशी हे झालं. नशीब."

*

घोडेडॉक्टर फाटकापाशी गाडीतच बसून होते. त्यांना गाडीत बसून उत्तरे देणे सोयीचे वाटे. केव्हाही निघता येते.

"वंशनोंदणीचे परीक्षक येणार होते, बरोबर. थोरल्यांची आणि शिंगरांची तपासणी, मग घराण्यावर शिक्का. मालकांनी मला रक्ताच्या बाटल्या तयार ठेवायला सांगितल्या होत्या."

"कण्हेर तुम्ही ओळखली. पोटशूळ म्हणून सोडून देता आलं असतं."

"सोडणार कसं? दातांत पाला अडकला होता. हत्यारं आणायला घरी गेलो, परत येतो तर घोडा चुन्याखाली."

"इतकी वर्षं इथली शिंगरं तुमच्याच हातांवर जन्मली. चांगली असतात?"

"उत्तम. काटक." डॉक्टरांनी काच थोडी वर घेतली. "फार चांगल्या गोष्टीत डॉक्टरनं जास्त शिरू नये."

पुतण्या कचेरीत सापडला. त्याच्या बोटावर खरेच खूण होती.

"माझं काय नुकसान झालंय माहीत आहे? गिऱ्हाईक ठरलं होतं. घोड्यासकट, नावासकट सगळं घेणार होतं. घोडाच नाही तर काय, कण्हेर विकू? आठ वर्षं मी काकांच्या मागे आहे, नोंदणी करून घ्या, रक्त तपासा, शिक्का घ्या. काका ऐकतील तर शपथ. आणि मागच्या महिन्यात एकाएकी स्वतःच फोन फिरवून परीक्षकांना बोलावलं. कुणाला न विचारता."

"घराण्याबद्दल तुम्हाला अभिमान असेल."

"मला घोड्यातलं काही कळत नाही," पुतण्या प्रामाणिकपणे म्हणाला. "म्हणून तर मी हिशेब बघतो."

*

ताई दाण्याच्या कोठीत होत्या. चाळिशीच्या बाई, हात मोतद्दारासारखे राठ. वडिलांच्या तबेल्यासाठी त्यांनी लग्न केले नाही, असे गावात म्हणत. त्या स्वतः काहीच म्हणत नसत.

"मी शाळेत होते तेव्हा थोरले आले," त्या म्हणाल्या. "पहिली रात्र मी त्यांच्या खणाबाहेर पोत्यावर झोपले. दोन वेळा शहरात नोकरी लागली होती. नाही गेले. बाबांनी सगळा जन्म या एका रक्ताच्या नावावर लावलाय. आता त्यांचं हृदय असं झालंय, की डॉक्टर म्हणतात, मोठ्यानं दारसुद्धा लावू नका."

"शिंगरं फार देखणी आहेत. या काळ्या आयाळी," वहिनींनी कठड्याकडे बोट केले.

"बाबांना त्यांचं कोण कौतुक! पहिलं शिंगरू झालं तेव्हा मला म्हणाले, बघ पोरी, वाळवंटातल्या पणज्याचं रक्त वर आलं." त्या हसल्या, पण हसू डोळ्यांपर्यंत पोचले नाही. "तपासणीची वेळ ठरवायला परीक्षकांचा फोन आला, तेव्हा त्यांनाही तेच सांगितलं मी. त्यांनी आईचा रंग विचारला, बापाचा विचारला, शिंगरांचा विचारला."

"मग काय म्हणाले?"

"काही नाही. दोन क्षण गप्प बसले. मग म्हणाले, येतो आणि केस घेतो, मुळासकट."

"आयाळीची बट ठेवली नाहीत तुम्ही?"

ताईंनी मापाने दाणे ओतायला सुरुवात केली. माप भरून वाहू लागले तरी त्या ओततच होत्या.

"राहिलं," त्या म्हणाल्या.

*

मालकांची खोली मोठी होती. भिंतीवर थोरल्यांचे तैलचित्र: आयाळीपासून खुरापर्यंत एकच लखलखीत तांबडा. खिडकीतून सबंध कुरण दिसत होते, पण मालकांची खुर्ची खिडकीकडे पाठ करून मांडलेली होती.

"घोड्या सगळ्या तांबड्याच दिसतात," वहिनी म्हणाल्या.

"मुद्दाम. बाहेरून निवडून आणतो, आजतागायत. इथली शिंगरं इथे पैदाशीला ठेवायची नाहीत, हा माझा नियम. तांबड्याला तांबडी दिली की पोटी तांबडंच येतं. त्यात देवसुद्धा फरक करू शकत नाही." मालक हे चित्राकडे पाहून म्हणाले.

"सकाळी गाजर कुणाला देता?"

"कुणाला म्हणजे?" मालकांनी शाल ओढून घेतली. "आहे एक म्हातारा. आम्ही दोघं बरोबरचे."

बाहेर आल्यावर भाऊजी म्हणाले, "वहिनी, परतताना दुकानावरून जाऊ. काळी पेन्सिल संपली. थोरल्यांचं चित्र काढलं, घोड्या काढल्या, तोवर शाबूत होती. सगळी तांबडीनं भागली. ही पोरं काढायला घेतली आणि पेन्सिल टोकाला आली."

वहिनी पायरीवरच थांबल्या. भाऊजींची वही त्यांनी मागून घेतली, पाने उलटली. एकीकडे बाप, एकीकडे आया, मग पोरे.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "तुम्ही तासाभरापूर्वी हे प्रकरण सोडवलंत."

"मी? कधी?"

"आता सगळ्यांना मालकांच्या खोलीत बोलवा." त्यांच्या आवाजात उत्साह नव्हता. "नाही बोलावलंत तरी चालेल. पण मग मला मालकांकडे बघून खोटं बोलावं लागेल, आणि त्यांना ते ओळखू येईल. त्यांना फार सराव आहे."

*

"मालक, उत्तर नको असेल तर आत्ता सांगा," वहिनी म्हणाल्या. "आम्ही चहा पिऊन जातो."

"बोला."

"बाकीच्यांना बाहेर पाठवू?"

"सगळ्यांनी त्यांच्याच नावावर खाल्लंय. बसू देत."

ताई दाराशी उभ्या होत्या. "नको," एवढेच त्या म्हणाल्या. कुणी ऐकले नाही, की ऐकून न ऐकल्यासारखे केले, कोण जाणे.

"थोरले आपसूक मेले असं वाटावं, एवढंच मारणाऱ्याला हवं असतं, तर काम गव्हाणीपाशी संपलं होतं. पण पुढे ब्रश उकळला, झूल जाळली, खण कढत पाण्यानं धुतला, अंगावर चुना ओतला. हे विष लपवणं नाही. विष तर दातांत तसंच राहिलं. हे थोरल्यांचे केस नाहीसे करणं आहे. एकूण एक केस."

"परीक्षक रक्त घेणार होते," पुतण्या म्हणाला.

"असं तुम्ही समजत होता. डॉक्टरही, मोतद्दारही. केस घेणार, हे फोनवर एकाच माणसाला कळलं होतं."

खोलीतले सगळे दाराकडे बघायचे टाळू लागले.

"पण केस का नकोत? भाऊजी, वही दाखवा. बाप तांबडा. आया तांबड्या. मालक म्हणतात, तांबड्याला तांबडी दिली की देवसुद्धा फरक करू शकत नाही. मग यांच्या काळ्या आयाळी कुणी केल्या?"

मोतद्दाराने फेटा काढून मांडीवर ठेवला.

"देवानं नाही बाई," तो म्हणाला. "मी. थोरल्यांना घोडीत रसच नव्हता. दिसायचे राजासारखे, पण घोडी समोर आणली की आभाळाकडे बघायचे. पहिला हंगाम रिकामा चालला होता. मालक तेव्हा इस्पितळात. हंगाम गेला असता तर थोरल्यांना कवडीमोलानं काढलं असतं. मी एका सकाळी मधली फळी काढली. चौकश्या बिचारा, सगळा हंगाम नुसतं विचारत होता."

"आणि जाणकार?" भाऊजींना राहवले नाही. "ते म्हणायचे ना, नाकात वाळवंट दिसतं?"

"दिसायचं त्यांना," मोतद्दार म्हणाला. "मी कशाला नाही म्हणू?"

पुतण्याने हळूच विचारले, "म्हणजे किंमत..." आणि स्वतःच गप्प बसला.

"तर मोतद्दारावर संशय यायला हवा," वहिनी पुढे म्हणाल्या. "लबाडी त्याची, उघडकीला येण्याची भीतीही त्यालाच. पण ज्यानं सबंध घोडा बदलून खपवला, त्याला रक्ताची बाटली किंवा चार केस बदलणं जड होतं का? परीक्षकांच्या हातात चौकश्याचं रक्त किंवा अंगावरचे केस ठेवले असते, काम झालं असतं. त्याला मारायची गरज नव्हती. डॉक्टरांना आयाळी पाहून सगळं माहीत होतं. ते गप्प राहिले, तसेच पुढेही राहिले असते. त्यांनी मारलं असतं, तर विषाचं नाव स्वतःहून घेतलं नसतं. पुतण्याला घोडा जिवंत हवा होता, शिवाय त्याच्या हातून थोरल्यांनी खाल्लंच नसतं. मारणारा असा हवा, ज्याच्या हातून थोरले खात. ज्याला फोनवर रंग सांगताना, समोरच्याच्या गप्प बसण्यातून सगळं कळून चुकलं. आणि ज्याला खोटं बोलायची अजिबात सवय नाही."

"केस बदलायचं मला सुचलंच नाही," ताई म्हणाल्या.

त्या शांतपणे म्हणाल्या, जणू हिशेबातली चूक कुणी दाखवून द्यावी.

"परीक्षकांनी बाबांसमोर सांगितलं असतं, हे रक्त थोरल्यांचं नाहीच. जन्मभर उभं केलेलं सगळं एका चौकश्याचं. बाबा तिथेच गेले असते. परीक्षकांना येऊ नका म्हणावं, तर बाबा का म्हणून विचारणार. थोरले म्हातारे झालेच होते. मी ठरवलं, दोघांपैकी एक." त्यांनी पहिल्यांदाच मालकांकडे पाहिले. "तुम्हाला कळू नये, एवढंच."

वहिनींनी इथपर्यंतचे पैसे घेतले होते. पुढचे फुकट होते आणि तेच सर्वांत अवघड होते. त्या मालकांकडे पाहत राहिल्या.

"सांगा तुम्हीच," मालक म्हणाले.

"नको," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही."

मालकांनी शाल सोडली. "मला पहिल्या शिंगराच्या दिवशीच कळलं, पोरी. काळी आयाळ पाहिली आणि कळलं. तू त्याला कवटाळून बसली होतीस. म्हणून पणज्याची गोष्ट सांगितली."

ताई दारातून एक पाऊल आत आल्या.

"मग तू नोकरी सोडलीस. मग दुसरी सोडलीस. दर वेळी वाटायचं, आता सांगावं. पण सांगायचं कसं, की ज्याच्यासाठी सोडतेस ते नाहीच? वर्षं गेली. म्हटलं, मी मेलो तर ही जन्मभर इथे दाणे मोजत बसेल. स्वतःच्या तोंडानं होईना, म्हणून मी परीक्षकांना बोलावलं. परक्या माणसानं सांगितलं की तू मोकळी झाली असतीस."

"तुम्ही बोलावलंत... मला कळावं म्हणून?"

"तुला कळावं म्हणून."

"आणि यांना आणलंत..."

"थोरल्यांना कुणी मारलं, ते मला खरंच माहीत नव्हतं गं. सगळ्यांचा विचार केला. तुझा केला नाही."

डॉक्टर उठून उभे राहिले, मग गाडी दूर आहे हे आठवून पुन्हा बसले. भाऊजींनी वही मिटली. बाहेर कुरणात एक शिंगरू खिंकाळले, त्याला दुसऱ्याने उत्तर दिले. कुणाची मुले, हा प्रश्न त्यांना नव्हता.

"त्रास झाला का त्यांना?" मालकांनी विचारले.

"नाही. माझ्या हातून खाल्लं. कडू लागलं असणार. माझ्याकडे बघितलं आणि परत खाल्लं."

मालकांचा हात छातीकडे गेला. ताई झटक्यात पुढे झाल्या. कपाटातून गोळी काढली, तांब्यातले पाणी पेल्यात ओतले आणि पेला त्यांच्या समोर धरला. रोज धरत तसाच.

मालकांनी पेल्याकडे पाहिले.

एवढासाच वेळ. पापणी लवावी इतका. मग त्यांनी घाईघाईने पेला घेतला आणि गोळीसकट सगळे पाणी तळापर्यंत पिऊन टाकले, लहान मुलाने शहाणपणा दाखवावा तसे. रिकामा पेला उलटा करूनही दाखवला.

"बघ," ते म्हणाले. "सगळं प्यालो."

ताईंनी मान हलवली. पेला विसळून जागेवर ठेवला, पदराला हात पुसले. मग भिंतीजवळची खुर्ची ओढून त्या वडिलांपासून हातभर दूर बसल्या, आणि हात मांडीखाली दाबून धरले.